पाण्याचा खिळा

गृहशास्त्राच्या प्रात्यक्षिकात सुकरीला पन्नासपैकी शून्य गुण होते. मी गुणांचा तक्ता अन्नपूर्णाबाईंच्या टेबलावर ठेवला आणि हे शून्य कशाचं, असं विचारलं. त्या वसतिगृहाच्या अधीक्षिका. गृहशास्त्रही त्याच शिकवत. त्यांनी तक्त्याकडे न पाहताच सांगितलं, "स्वयंपाकाची एकही पाळी तिने भरलेली नाही. दोन वर्षांत एकही नाही. मग गुण द्यायचे कशाचे?"

"पण तिला चुलीजवळ येऊ कोणी दिलं?"

"ते वेगळं."

नागपूरहून विज्ञानाची पदवी घेऊन मी चांद्याच्या या स्त्री अध्यापिका विद्यालयात शरीरशास्त्र आणि आरोग्य शिकवायला आले, त्याला पंधरा महिने झाले होते. 'ते वेगळं' हे उत्तर माझ्या वर्गात कुणी दिलं असतं, तर मी तिला उभं ठेवलं असतं.

विद्यालय १८८४ सालचं. जेवणघराच्या भिंतीवर तेव्हापासूनची सागवानी फळी होती. तिच्यावर खिळ्यांची रांग, आणि प्रत्येक खिळ्याखाली कोरलेलं कामाचं नाव: चूल, पाणी, झाडू, दिवे, भांडी, निवडटिपण. प्रत्येक मुलीच्या नावाची लाकडी पाटी त्यातल्या एका खिळ्याला अडकवलेली असे. विद्यालयाच्या पहिल्या बाईंनी घालून दिलेला नियम चौकटीत लावलेला होता: दर सोमवारी प्रत्येकीची पाटी एका खिळ्याने पुढे सरकेल, म्हणजे कोणतंही काम कोणाही एकीचं होणार नाही. त्या काळी इथे शिकायला बहुतेक विधवा येत. कोण उच्च कुळातली आणि कोण नाही, यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून हा उपाय. सत्तर वर्षांपूर्वी कुणा बाईला एवढं सुचलं होतं.

पस्तीस पाट्या दर सोमवारी पाण्याचा खिळा ओलांडून सरकत. छत्तिसावी सरकत नसे. सुकरीची पाटी दोन वर्षं पाण्याच्या खिळ्यावर होती.

सुकरी धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका गोंड खेड्यातली. विहीर माझ्या खोलीमागेच होती. पहाटे रहाट करकरू लागला की मला जाग येई, आणि सवयीप्रमाणे मी मोजत पडे. चाळीस घागरी. मग आंघोळ, प्रार्थना, वर्ग, दुपारी सरावाच्या शाळेत पाठ, संध्याकाळी कंदिलाभोवती अभ्यास. पाठ ती छान घेई. तिच्या वर्गात मुलं हसत आणि उत्तरंही देत. तिचे तळहात मात्र दोराने सोलवटलेले असत, आणि फळ्यावर लिहिताना ती खडू दोन बोटांच्या टोकांनी धरी.

आता लिहायला लाज वाटते, पण इतके महिने मी फक्त घागरी मोजल्या. त्या ती रोज एकटीच का ओढते, हे विचारलं नाही. शून्य पाहिल्यावर हिशोब केला: सुट्ट्या वजा जाता चारशे दहा दिवस, म्हणजे सोळा हजार चारशे घागरी. विहीर बत्तीस हात खोल.

मी तिलाच विचारलं. ती दोर गुंडाळत होती.

"पाणी चालते आमच्या हातचं," ती म्हणाली. "रांधलेलं नाई चालत."

"पण भात त्याच पाण्यात शिजतो ना?"

"ते तुमी सांगा, बाई. सायन्स तुमी शिकवता."

मी शिकवत असे की पाणी उकळलं म्हणजे शुद्ध होतं. इथे तिने ओढलेलं पाणी चुलीवर जाईपर्यंत शुद्ध होतं, आणि तिने स्वतः ते चुलीवर ठेवलं तर उकळताच बाटत होतं. चूल तिला बंद ठेवायची आणि मग चूल केली नाही म्हणून नापास करायचं, हे त्याच्याही वरचं होतं. माझा इतका संताप झाला की हातातली वही मी दोनदा खाली पाडली.

सुकरी संतापली नव्हती. तिला प्रमाणपत्राची चिंता होती. तिच्या गावात सरकारने शाळा उघडली होती, पण बाहेरचा मास्तर पावसाळा लागला की तापाच्या भीतीने निघून जाई. दोन वर्षं तर दार बंदच होतं. तिचे वडील झिंगू तिला इथे सोडायला आले, तेव्हा शाळेची किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधून आले होते. ती पुन्हा कुणा परक्याला द्यायची नाही, असं गावाने ठरवलं होतं. या एका शून्यामुळे ती किल्ली झिंगूच्या कमरेलाच राहणार होती.

अन्नपूर्णाबाईंशी मी तीन दिवस वाद घातला. त्या दुष्ट नव्हत्या. तिला चुलीवर बसवलं तर पंधरा मुलींचे बाप बैलगाड्या घेऊन येतील आणि संस्था बंद पडेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पहिल्या बाईंचा नियम मी चौकटीसकट उतरवून त्यांच्यापुढे ठेवला. शेवटी त्या म्हणाल्या की गुरुवारी नागपूरच्या परीक्षक बाई येणार आहेत, त्यांच्यासमोर ती रांधू दे. मात्र स्वयंपाकघरात नको. मागच्या पडवीत, वेगळ्या भांड्यांत.

मी कबूल झाले. तेव्हा तो मला विजय वाटला.

बुधवारी निवडटिपणाला बसलेली चिमूरची रंभा मोठ्याने म्हणाली, "उद्या सुकरी रांधन, अन् आमी साऱ्याजणी उपास धरून राहू."

"धरा," सुकरी घागर खांद्यावरून उतरवत म्हणाली. "उपास सोडाले पाणी मीच आणून देईन."

मुली हसल्या. रंभाही हसली.

गुरुवारी पडवीत तीन दगडांची चूल मांडून सुकरीने भात, तुरीचं वरण आणि अंबाडीची भाजी केली. एवढ्या थोड्या लाकडांत तीन पदार्थ होताना मी पाहिले नव्हते. परीक्षक बाई खुर्चीवर बसून पाहत होत्या. गोऱ्या, थकलेल्या, एप्रिलच्या उन्हाने बेजार. वाढलेल्या पानाशी वाकून त्यांनी चांगलं आहे असं म्हटलं आणि लिहू लागल्या. स्वच्छता दहापैकी नऊ. मांडणी आठ. काटकसर नऊ. चवीला वीस गुण होते. तिथे त्यांनी एक आडवी रेघ ओढली.

"सव्वीस झाले," त्या म्हणाल्या. "अठराला पास असतं. झालं तुझं."

सुकरी पानाजवळ उभीच होती.

"चव नाई पाह्यली, बाई."

"त्याची गरज नाही. पास झालीस तू."

"पास तं झाली. पण चव नाई पाह्यली."

अन्नपूर्णाबाईंनी तिला नावाने हाक मारली. फक्त हाक, पुढे काही नाही. परीक्षक बाईंनी पदराने मान पुसली आणि प्यायला पाणी मागितलं. सुकरीने माठातलं पाणी पितळी पेल्यात आणून दिलं. त्यांनी ते एका दमात, डोळे मिटून संपवलं.

"हेच पाणी घालून रांधलं, बाई," सुकरी म्हणाली.

परीक्षक बाईंनी पेल्याकडे पाहिलं. तो हळूच खाली ठेवला. मग तक्ता पुढे ओढून खाली सही केली. रेघ तशीच राहिली.

त्या दोघी गेल्यावर मी पाटावर बसले आणि ते पान पुढे ओढलं. सुकरीने वरण वाढलं. मिठाचं सांगा, म्हणाली. बरोबर आहे, असं मी सांगितलं.

"ते तिथी लिवाले पायजे होतं," ती म्हणाली आणि चुलीतली लाकडं बाहेर ओढून विझवू लागली.

ज्या कागदावर लिहायचं होतं, तो माझ्या हातात कधी नव्हताच, असं मी स्वतःला सांगत होते. पण त्यानंतर दुपारभर तो तक्ता, नागपूरला पाठवायचा म्हणून, माझ्याच टेबलावर पडून होता.

शुक्रवारी पहाटे रहाट करकरला. मी सवयीने मोजलं, एक. मग दोनची वाट पाहिली. बराच वेळ काही आवाज आला नाही. खिडकीतून पाहिलं, तर सुकरी एक घागर खांद्यावर घेऊन न्हाणीकडे चालली होती, सावकाश, आपल्या एकटीच्या आंघोळीपुरती.

मी जेवणघरात गेले तेव्हा मुली रिकामे तांबे घेऊन उभ्या होत्या. रांजणाच्या तळाला ओल तेवढी होती. पाणी कोण भरन, असं रंभाने विचारलं, कुणा एकीला नाही, असंच. तेवढ्यात अन्नपूर्णाबाई आल्या आणि सवयीने फळीकडे वळल्या.

पाण्याच्या खिळ्यावर सुकरीची पाटी नव्हती. गेल्या दोन वर्षांच्या धुराने फळी आणखी काळवंडली होती. त्या खिळ्याखाली मात्र बोटभर लांबीचा एक तुकडा उजळ राहिला होता, पाटीच्या मापाचा.