घळीच्या तोंडाशी

कळव्याच्या डोंगरउतारावर वस्ती झाली तेव्हा तिथे घळ नव्हती. पाणी वाहून पडलेली बोटभर रेघ होती, एवढंच. पण झोपडीत जमीन करायची तर मुरूम लागतो, आणि डोंगराला कोण विचारतंय? त्या रेघेच्या काठचा मुरूम अख्ख्या आळीनं घमेल्यांनी घरी नेला. मालननंही नेला. पावसाळ्यात पाण्याला आयती वाट मिळाली. रेघेची चर झाली, चरीची घळ झाली. आत उतरलेल्या माणसाचं डोकंही दिसेना. पाणी खाली धावायचं, घळ मात्र उलटी, दर पावसाळ्यात वर चढायची. तिच्या तोंडाशी माती खालून पोखरली जायची आणि मग वरचा कडा धप्पकन आत.

मालनच्या झोपडीमागे पळसाच्या रोपट्याखाली एक चपटा दगड होता. त्याच्याखाली तिची मुलगी होती. दात न आलेल्या लेकराला अग्नी देत नाहीत, म्हणून मालनच्या नवऱ्यानं, दगडूनं, तिला घरामागेच पुरलं होतं. तेव्हा घळ पार खाली होती. गुंडाळायला शेजारच्या रंगूमावशीनं आपलं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून दिलं होतं.

एकोणनव्वदच्या आषाढात घळ पळसाच्या मुळांशी पोचली.

“काढून वर पुरू या का?” दगडूनं खाली बघत विचारलं.

“झोपवलेलं लेकरू उठवतात का कुठं?”

“मग काय, घळीला हात जोडायचे?”

मालननं हात जोडले नाहीत. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरली, दगड वाहिले आणि पळसाच्या वरच्या अंगाला तिरका बांध घातला. पाणी वळलं. घळ जागच्या जागी थांबली. मालन कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

पण वळवलेलं पाणी काही आभाळात परत जात नाही. ते रंगूमावशीच्या मागच्या भिंतीला भिडलं. भिंत मातीत रचलेल्या विटांची. आत गुडघे गेलेली एकटी म्हातारी.

“मालन, अगं माझी भिंत घाम गाळतीया बघ. चुलीपुढं मी बसायचं आन् घाम तिला!”

“घुशी लागल्या असतील, मावशी.”

“असतील बाई. घुशींना तरी म्हातारीची आठवण आली.”

त्या दिवशी मालननं तिला आमटी जरा जास्तच वाढून दिली.

श्रावणात एका दुपारी पाऊस असा कोसळला की समोरची झोपडी दिसेना. दगडू कामावर होता. मालन धावली ती आधी बांधाकडे. बांध पक्का होता. मग तिनं पलीकडे बघितलं. रंगूमावशीच्या भिंतीलगत नवी चर पडली होती, कडा तशाच उभ्या कापलेल्या. तळच्या विटा अधांतरी लोंबत होत्या.

“मावशी, बाहेर या! भिंत चाललीय!”

“या पायांनी? त्यापरीस तूच ये आत, च्या टाकते.”

मालननं तिच्या काखेत हात घालून ओढलं. म्हातारी कळवळली, पण जागची हलली नाही. मागे आणखी एक वीट पाण्यात पडल्याचा आवाज आला.

मालन बाहेर आली. बांधापाशी गुडघ्यांवर बसली. पळसाखालच्या चपट्या दगडाकडे एकदा बघितलं आणि बांधातली मधली गोणी ओढली. मग दुसरी. उरलेलं पाण्यानंच केलं. पळस कलला, मुळांसकट बसला. चपटा दगड एकदा पालथा झाला आणि लाल पाण्यात गेला. डोळे मिटावेत असं तिला वाटलं, पण कुणीतरी बघायला तर हवं होतं.

पाऊस ओसरल्यावर रंगूमावशी सरकत सरकत मागच्या दाराशी आली. भिंत उभी होती. चरीतलं पाणी आटलं होतं. पळसाच्या जागी घळ होती.

“बांध कुणी फोडला गं?”

“घुशींनी, मावशी.”

खाली गढूळ पाणी खाडीकडे निघालं होतं. रंगूमावशी हसली नाही. मालनचे चिखलाचे हात तिनं मांडीवर ओढून घेतले आणि पदरानं एकेक बोट पुसत बसली.