आखाजीचं ताट

"मांडाले हात लावशी ना, तर आठे परत येऊ नको."

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी मंजुळाबाईने नवऱ्याला असा आशीर्वाद दिला. चिंधाची निम्मी दाढी झाली होती, निम्मी व्हायची होती. आठवडाभर त्याच्या स्वप्नात मांडे येत होते.

चोपड्याकडच्या त्या गावात वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच पुन्हा लागतं. चिंधाचे मालक रुपचंद नाना, त्यांच्या घरी तर रीतच ठरलेली. पितरांना नैवेद्याची आगारी दिली की पहिलं ताट सालदाराचं. त्याने मांड्याचा घास मोडला की वर्षभराची चाकरी पक्की. तोवर घरातल्या कोणी जेवायचं नाही. नानांच्या आजाने ही रीत घातली, तेव्हा ती नातवाच्याच पोटावर येईल असं त्याला वाटलं नसावं.

मागच्या वर्षी वादळात, नवरा-बायको राहत त्या मळ्यातल्या खोपीचे पत्रे उडाले. पत्र्याच्या जागी चिंधाने कुणा भावी आमदाराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स ताणला. तो गृहस्थ वरून हात जोडून रात्रंदिवस खाली बघायचा. लुगडं बदलायचं तर मंजुळाबाई आधी त्याच्या डोळ्यांना शेण फासायची. नाना म्हणाले होते, "पुढनं साल बसाडसू पत्रा." पुढचं साल आलं, आणि तेही पुढचंच राहिलं.

"नाना काढी टाकतीन आपले," चिंधा उरलेली दाढी खरवडत म्हणाला. भीती खोटी नव्हती. केळी दोन वर्षं आडवी झाली तशी गावातल्या निम्म्या मालकांनी सालदार काढले होते. नोकरी गेली की खोपीही जाणार होती.

"काढू दे. रातले केळीले पानी भराले कोन जाई? त्यासना जवाई?"

हे मात्र खरं होतं. मळ्याला वीज यायची रात्रीची, आणि रोजाचा माणूस सापाला भ्यायचा. चिंधाही भ्यायचा, पण त्याला विचारतं कोण.

दुपारी नानांच्या ओसरीवर ताट आलं. रुमालासारखे घडी घातलेले मांडे, वाटीभर रस, कुरडई, झणझणीत रशी. समोर नाना, दाराशी नानांची बायको अक्का, खाटेवर सुरतेहून आलेला जावई अमृत. तो सकाळपासून भूक राखून बसला होता.

"जेव, चिंधा."

"जेवसू, नाना. पहिले पत्रा."

"कसाना पत्रा?"

"खोपीना."

"अरे, सांगं ना तुले, पुढनं साल..."

"हाईच पुढनं साल शे, नाना."

अमृतने मोबाइल खाली ठेवला. चिंधाने वाटी बाजूला सरकवली तसा रसाचा थेंब त्याच्या अंगठ्यावर आला, आणि सगळं घर त्या अंगठ्याकडे बघू लागलं. चाटला असता तर तोच घास धरला असता आणि साल पक्कं झालं असतं. चिंधाचा हात आपोआप वर गेलाही. पण तेवढ्यात त्याला मंजुळा आठवली. श्रावणात फ्लेक्स गळत होता तेव्हा अर्धी रात्र ती चुलीवर परात धरून उभी होती, सकाळी चूल पेटावी म्हणून. त्याला स्वतःच्या जिभेची लाज वाटली. त्याने अंगठा नानांनीच दिलेल्या नव्या पॅन्टला पुसला.

"आते व्हयी जाऊ द्या ना," अक्का म्हणाली. "जवाई उपाशी शेत."

"मामा, गोठ्यावर पत्रे आहेतच की," अमृत म्हणाला. "ते द्या आणि जेवायला बसा."

सालदाराला नानांनी झापलं असतं. जावयाला काय झापणार?

"दिधा," नाना म्हणाले.

"आज?"

"आज रे बाबा, आज."

मग चिंधा असा जेवला, की अक्काला मांडे भाजायचं खापर पुन्हा चुलीवर ठेवावं लागलं.

संध्याकाळी पत्रे खोपीवर चढले आणि फ्लेक्स गोठ्यावर गेला. भावी आमदार आता बैलांना हात जोडू लागला. मंजुळाबाईने लुगडं बदललं, तेही किती तरी दिवसांनी वर न बघता.

दुसऱ्या दिवशी ऐन उन्हात नाना दोन्ही बैल घेऊन खोपीच्या दारात उभे.

"गोठाम्हा ऊन लागस त्यासले. पत्रा आते तुमनाकडे शे, बैलबी आठेच राहू द्या."

मंजुळाबाईने नानांना मनातल्या मनात जे काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिने चूल कोपऱ्यात सरकवली, बिछाना दुसऱ्या कोपऱ्यात ढकलला आणि मधल्या खांबाला बैल बांधले. शेण आता घरातच होतं, आणि फासायला वर कोणी राहिलं नव्हतं.

रात्री फावडं उचलून चिंधा केळीकडे निघाला. दारात अडखळला.

"हाऊ बैल तं तुनी चूलपाशीच बठना."

"बठू दे," मंजुळाबाई बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली. "तो पुढनं साल म्हनत नही."