भट्टीतली रिकामी जागा

१९७३ साली, परदेशी शिकायला गेल्याच्या पहिल्याच आठवड्यात, धाकटीने स्वतः फुंकलेला काचेचा फुगा लोकरीच्या मोज्यात गुंडाळला आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून कोटाच्या खिशात सरकवला. मग भंगाराच्या पिंपाशी जाऊन तिने एक मोडकी नळी जोरात आत टाकली. आवाज तर व्हायला हवा होता.

त्या कार्यशाळेची रीतच तशी होती. प्रयोगशाळांना लागणारी काचेची भांडी हाताने घडवायला तिथे शिकवत. नवख्यांनी दिवसभर जे घडवायचं, ते संध्याकाळी आपल्याच हाताने पिंपात फोडायचं. पंधरवडा झाला की कोण राहणार आणि कोण घरी परत जाणार, ते शिकवणाऱ्या बाई ठरवत.

निघताना आत्या म्हणाली होती, की घरात बशी फोडून हिने इतकी बोलणी खाल्ली, आता फोडायला सातासमुद्रापार चालली. सगळे हसले, तिचे वडील, अण्णा, तेवढे हसले नाहीत. ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होते. तडा गेलेलं चंबूपात्रही ते टाकून देत नसत, घरी आणून त्यात वेल लावत. त्यांच्या मुलीला धड काच फोडायची म्हणजे अंगावर काटा यायचा.

बाईंचं काम मात्र बघत राहावं असं. ज्योतीवर नळी धरली की त्यांचे दोन्ही हात एकाच चालीने फिरत, काच मधासारखी मऊ होई, आणि मग झोपलेल्या बाळाला जाग येऊ नये अशा बेताने त्या फुंकर घालत. गोल फुगा तयार. धाकटीचा फुगा एका बाजूला दुधी भोपळ्यासारखा लोंबायचा. त्या दिवशी पहिल्यांदाच तो बराचसा गोल आला होता, म्हणून तर मोज्यात गेला.

घडवलेली काच सावकाश निववायला तिथे एक वेगळी भट्टी होती. नवख्यांना तिला हात लावायची मुभा नव्हती. जुन्या विद्यार्थ्यांची भांडी तीत दाटीवाटीने असत, पण उजवा कोपरा कायम रिकामा. असं का, म्हणून कुरळीने एकदा विचारलं, तर बाईंनी ऐकूच न आल्यासारखं केलं.

कुरळी म्हणजे धाकटीच्या खोलीतली मैत्रीण, तिसऱ्याच देशातून आलेली. कुठल्या नळाला गरम पाणी येतं, बसला हात कुठे दाखवायचा आणि शेजारी भांडण झालेलं नसतानाही इतके गप्प कसे, हे सगळं धाकटीला तिच्यामुळेच कळलं.

दोन-तीन दिवसांनी धाकटी सकाळी वेणी घालत होती, तेव्हा कपाटात बारीकसं काही वाजलं. मोजा उलगडला तर फुगा दुभंगलेला. कुणी हात लावला नव्हता, धक्का लागला नव्हता. ती पलंगावर बसूनच राहिली.

कुरळीने सरळ सांगितलं, की वाटेत कुठेतरी टाकून दे, बाईंना काय स्वप्न पडणार आहे? लपवलेलं कळलं तर पंधरवड्याचीही वाट बघणार नाहीत, घरी धाडतील. धाकटीला ते पटलं. तरी रस्त्यातल्या पहिल्या कचरापेटीपाशी तिचा हात खिशाबाहेर येईना. तिथून ती तशीच बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, हा मी फोडला नाही. खोलीवर नेला होता."

बाईंनी तुकडे काळ्या कापडावर मांडले.

"कुठे तडकला?"

"कपाटात. कुणी हात पण नव्हता लावला."

"ते नाही विचारत. सुरुवात कुठून झाली?"

धाकटी वाकली. नळी फुग्याला जिथे मिळते तिथून निघून तडा गोल फिरला होता आणि शेवटी केसासारखा बारीक होऊन विरला होता. बोटाने न शिवता तिने तो दाखवला.

"तिथे घाई केलीस. वरून निवला, आतला ताण आतच राहिला." बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "कशाला हवा होता?"

"अण्णांना दाखवायला."

"दाखवण्याजोगा नव्हता," बाई म्हणाल्या. मग भट्टीपाशी जाऊन त्यांनी दार उघडलं आणि उजव्या कोपऱ्याकडे बोट केलं. "आजचा इथे ठेव."

"पण पंधरवडा व्हायचाय अजून."

"होईल की."

पंधरवडा झाला. कुरळीला परत जावं लागलं. पुढे तिने प्रवाशांना देशोदेशी पाठवायचा धंदा काढला, जोरात चालवला, आणि फोनवर ती अजूनही त्या मोज्याचा विषय काढून हसते. त्या कोपऱ्यात निवलेला फुगा वर्षअखेर घरी पोचला. अण्णांनी त्यात वेल लावली नाही, खिडकीत रिकामाच ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्याला आत्याच तो दाखवायची, हात मात्र कुणाला लावू द्यायची नाही. बाईंनी दम पुरेपर्यंत शिकवलं, नंतर नुसत्या स्टुलावर बसून असत.

धाकटी परत आली, तिनेही कार्यशाळा काढली आणि केस पिकेपर्यंत चालवली. पिंपाची रीत तिने तीच ठेवली. भट्टी भरताना पोरं दरवर्षी कुरकुरायची, की बाई, हा कोपरा उगाच वाया जातोय.

"राहू दे," ती म्हणायची. "यंदा अजून कुणी तुकडे घेऊन आलेलं नाही."