चार नंबरच्या गाळ्यातलं मीटर

आधी हिंमतरावांचा फायदा मांडू. महिन्याला दोनशे युनिट, बारा रुपये दराने चोवीसशे; अकरा महिन्यांचे सव्वीस हजार चारशे. तळोद्यातल्या त्यांच्या सहा गाळ्यांपैकी चौथ्यात अनीस कपडे शिवायचा. दोन मशिनी, एक पंखा, आणि बिल मात्र पिठाच्या गिरणीएवढं.

त्या दुपारी गाळ्यासमोर उभं राहायला जागा नव्हती. हिंमतरावांनी बोलावलेला उदेसिंग भगत मीटरपुढे नारळ फिरवत होता. त्याच्या सांगण्यावरून अनीसने दुकानाचं मेन स्विच पाडलं. पंखा थांबला, पण मीटरचा लाल दिवा लुकलुकतच राहिला.

"दखा, मेन बंद शे. मंग वीज कोन पी ऱ्हायनं?" भगत म्हणाला. "दुकान कोन झाडस?"

सगळ्यांनी झाडूवाल्या दिवलीबाईकडे पाहिलं.

"डाकीण शे ती," भगत म्हणाला.

एवढी वीज पिणारी बाई पंधराशे रुपयांवर झाडू का मारते, हा हिशेब कुणाला सुचला नाही. पाचव्या गाळ्यात मी बसतो, मलाही नाही. भगताने घेतलेल्या एकावन्नशेंत माझे साडेआठशे होते. आम्ही तिला वाईट बोललो नाही, फक्त उद्यापासून येऊ नको म्हणालो. संध्याकाळच्या जीपने ती डोंगरात भावाकडे गेली.

चार दिवसांनीही मीटर तसंच पळत होतं. "जाता जाता नजर ठी गयी," म्हणत भगताने आणखी एकवीसशे मागितले. तेव्हा अनीसने आयटीआय शिकलेल्या काजलला बोलावलं. वायरिंगची कामं ती करते. तिने मीटरखालची पट्टी उघडली.

"काका, मीटरम्हाईन दोन वायरी निंघतीस. एक दुकानमा. दुसरी कोनी?"

"जुनी शे ती. मरेल, वीज नही तिम्हा," हिंमतराव म्हणाले.

"मरेल शे ना? मंग काढी टाकू?"

उत्तराची वाट न बघता तिने वायर सोडवली. दिवा थांबला. वरच्या मजल्यावरून हिंमतरावांच्या पत्नीचा, भिकुबाईंचा, आवाज आला, "अहो, एसी कसा बंद पडना?"

दिवलीबाईला आणायला अनीस आणि मी गेलो. 'डाकीण' हा शब्द तिच्याच जीपमधून गावात उतरला होता. भावाने घरात घेतलं नव्हतं. ती गोठ्यात राहत होती.

"वायर होती, मावशी," अनीस म्हणाला.

"माले सांगीसन काय उपेग? मन्हा भाऊले सांग."

भावाने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. आमच्याबरोबर यायला ती तयार झाली नाही.

बिल जास्त वाटलं तर मेन पाडा, मीटर बघा, त्यातून निघालेली एकेक वायर कुठे जाते ते तपासा. हे काम दहा मिनिटांचं आहे. आम्ही माणूस शोधत बसलो.

हिंमतरावांनी सव्वीस हजार चारशे अनीसच्या भाड्यात वळते केले. भगताचे एकावन्नशे आम्ही सहा जणांनी भरले. बाकीचं दिवलीबाई अजून भरतेय.