उघाडीतला जोड

मी दिनानाथ, टेलिफोनचा लाइनमन, मूळचा निडीचा. भातशेतीच्या गावचा माणूस, त्यामुळे पाणी म्हणजे पाऊस, एवढंच माझं ज्ञान. १९९९ साली पेणला होतो आणि खाडीकाठच्या एका घरानं माझं डोकं खाल्लं होतं.

तक्रार चंद्रावतीबाईंची. त्यांची सून नमिता हिचे कान लहानपणीच्या तापात गेलेले. मुलगा निकेश आखातात नोकरीला. घरात फोन असून सुनेला त्याचा उपयोग शून्य. म्हणून निकेशनं एक जुना कॉम्प्युटर घेऊन दिला, आणि दुपारी त्याच्या जेवणाच्या सुट्टीत दोघं इंटरनेटवर टाइप करून बोलू लागली. अक्षरं इंग्रजी, बोलणं मराठी. लग्नाला दोन वर्षं झाल्यावर त्यांचं हे पहिलं धड बोलणं, आणि नेमकी मध्येच लाइन तुटायची. रोज तुटली असती तर मी दोष शोधला असता. दहा दिवस सुरळीत चालायची, मग चार दिवस तुटायची, मग पुन्हा सुरळीत.

मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा सकाळी. लाइन ठणठणीत. खांब पाहिले, वायर बदलली, बांधाजवळचा जमिनीलगतचा वायरचा जोडही वाकून पाहिला. कोरडा होता. पावसाळा गेलेला, पाणी येणार कुठून? तिसऱ्या वेळी मी चिडून म्हणालो की सूनबाईच चुकीचं बटण दाबत असतील. नमितानं माझ्या ओठांवरून ते वाचलं आणि मान खाली घातली. आजही आठवलं की माझी मला लाज वाटते.

चौथ्यांदा गेलो तेव्हा चंद्रावतीबाई भांडल्या नाहीत, म्हणून मीच घाबरलो. निकेशच्या कंपनीनं आणखी दोन वर्षांचा कागद पुढे केला होता, उद्या सही करायची होती. परत ये, एवढंच नमिताला सांगायचं होतं. पण ती विषयाला हात घालायची आणि लाइन जायची. निकेशला वाटायचं, ही रागानं बंद करते. त्यानं लिहिलं होतं, तुला बोलायचंच नसेल तर मी सही करून टाकतो.

बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर माझ्यापुढे धरलं. लाइन तुटली त्या प्रत्येक दिवसावर कुंकवाचं बोट. एवढ्यात मिठागरातून त्यांचे यजमान कान्हूबाबा आले. पायांवर वाळलेलं मीठ, डोक्याला टॉवेल. त्यांनी कॅलेंडर हातात घेतलं आणि पुनवेच्या पांढऱ्या गोलावर, मग अवसेच्या काळ्या गोलावर बोट ठेवलं. कुंकू सगळं त्यांच्याच आजूबाजूला होतं.

“हे तर उधाणाचे दिवस,” ते म्हणाले. “तवाच मी उघाडी उघडतो. तुजा जोड कुठं हाय?”

उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. मोठ्या भरतीला ते उचलून खाडीचं पाणी चरातून मिठागरात घेतात. आणि माझा जोड त्याच चरात होता. मी सकाळी जायचो तेव्हा ओहोटी असायची. आकाशातला चंद्र एका घरातलं बोलणं तोडत होता, आणि मी स्क्रू घट्ट करत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी चैत्री पुनव. निकेश इंटरनेटवर बसायच्या वेळी खात्री करायला मी आणि कान्हूबाबा बांधावर. नमिता कॉम्प्युटरपाशी, चंद्रावतीबाई लाइन तुटताच हलवायला लाल लुगडं घेऊन खिडकीत उभ्या. कान्हूबाबांनी उघाडीची फळी उचलली. वारा नाही, लाट नाही, तरी एवढी मोठी खाडी आपणहून उठून आत येत होती. पाणी जोडाला टेकलं, आणि खिडकीत लाल लुगडं हललं.

कान्हूबाबांचा हात फळीवरच राहिला. “म्हंजे मीच तोडत व्हतो,” ते म्हणाले.

मी चरात उतरलो, जोड वर ओढला, पुसून नव्यानं बांधला, सायकलची ट्यूब गुंडाळली. पण वायर आखूड, बांधापर्यंत पोचेना. चिखलात बांबू रोवला तर कलंडला. उघाडीची फळी परत खाली ढकलली, तर पाण्याच्या जोरापुढे ती बसेना. तेव्हा कान्हूबाबा पाण्यात उतरले, जोड माझ्या हातातून घेतला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

“तू जा घरी,” ते म्हणाले. “बग लागतो का.”

मी धावत गेलो आणि नमिताला सगळं सांगितलं. मोडेम किंचाळलं, मग शांत झालं. निकेश अजून तिथेच होता. नमितानं लिहिलं: मी कधीच तोडलं नाही. बाबा उघाडी उघडायचे तेव्हा जोड बुडायचा. आत्ता बाबा चरात जोड डोक्यावर धरून उभे आहेत.

पडद्यावर अक्षरं उमटली: आज पुनव. पाणी कुठपर्यंत आहे?

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी छातीवर हात ठेवून दाखवला. तिनं तसं लिहिलं, आणि खाली लिहिलं: परत या.

उत्तर लगेच आलं: सही करत नाही. येतो. बाबांना सांग, हात खाली घ्या.

नमितानं पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि उचललंच नाही. चंद्रावतीबाईंना वाचता येत नव्हतं, पण सुनेचा चेहरा बघून त्यांनी तिला जवळ ओढलं.

मी बांधावर जाऊन निरोप सांगितला. पाणी कान्हूबाबांच्या खांद्यांपर्यंत आलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, पण हात खाली घेतले नाहीत.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “तिला आजून काय बोलायचं असंल.”