ओल्या चादरींची सोय

लॉन्ड्रीवाल्या बाईंचा जावई शेजारच्याच इमारतीत कामाला होता. तिथे माणसं कमी आणि कॉम्प्युटर जास्त. ते अखंड चालत, अखंड तापत, आणि त्यांना गार ठेवणं हे जावयाचं काम. "एवढा शिकला आणि यंत्रांना वारा घालत बसतो," असं बाई मुलीला म्हणत. मुलगी ते नवऱ्याच्या कानावर घालत नसे. गरजही नव्हती, बाईंचा आवाज भिंतींना जुमानत नसे.

इमारतीच्या मागच्या जाळ्यांतून गरम हवा बाहेर फेकली जाई. बाईंनी कुणाला न विचारता तिथे दोऱ्या बांधल्या. एका लॉजकडून धुवायला येणाऱ्या चादरी हां हां म्हणता वाळू लागल्या. जावयाने पाहून न पाहिल्यासारखं केलं. सासूशी कोण वाद घालणार?

ऐन उन्हाळ्यात गारव्याचं मोठं यंत्र बंद पडलं. सुटा भाग परगावाहून यायचा होता. जावई लॉन्ड्रीच्या दारात येऊन उभा राहिला.

"आई, चादरी हव्या होत्या. ओल्या."

"वाळलेल्या न्या की. आत्ताच घड्या घातल्यात."

"ओल्याच हव्यात. त्यांच्यातून हवा आत घेतली की ती गार होते. न्हाऊन आल्यावर वारा लागला की कसं वाटतं, तसं."

"जावईबापू, माझा जन्म कपडे वाळवण्यात गेला."

"वाळल्या तर आतले सगळे कॉम्प्युटर बंद करावे लागतील. त्यांच्यावर चालणारी दवाखान्यांची कामं अडतील. माझी नोकरीही जाईल."

बाईंनी मुलीला हाक मारली. "टब उचल गं."

हवा आत घेणाऱ्या खिडक्यांपुढे तिघांनी चादरी टांगल्या. चादर सुकत आली की बाई तिच्यावर तांब्याने पाणी मारत. मधूनच सुकलेली चादर काढायला सवयीने हात चिमट्याकडे जाई.

"आई, राहू द्या."

"राहू देते. जीव तुटतो, एवढंच."

आतलं तापमान हळूहळू उतरलं. दुपारी कंपनीचे मोठे साहेब आले. चादरीवर लॉजचं नाव छापलेलं होतं, ते त्यांनी सावकाश वाचलं.

"हे काय आहे?"

"पर्यायी व्यवस्था, साहेब."

"आणि या बाई?"

"माझ्या सासूबाई. व्यवस्था त्याच बघतात."

साहेबांनी मान डोलावली. "पाणी कमी पडू देऊ नका," असं बाईंना सांगून ते आत गेले. बाईंनी पदर सारखा केला आणि उगाच एका ओल्या चादरीवर आणखी पाणी मारलं.

सुटा भाग आला, यंत्र सुरू झालं. चादरी धुळीने माखल्या होत्या. बाईंनी त्या पुन्हा धुतल्या, मागच्या बाजूला वाळवल्या. ड्यूटी संपल्यावर जावई घड्या घालायला आला. त्याला ते अजिबात जमत नव्हतं.

"टोकं धरा, जावईबापू. ओढू नका."

"असं?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि त्याच्या हातातली टोकं नीट करून दिली. मुलगी जेवायला बोलवायला आली तेव्हा अर्धा ढीग बाकी होता.

"तू जेवून घे," बाई म्हणाल्या. "आम्ही येतो."