चंचलची बोटं आणि माझा पडदा

मित्रांनो, मी जुना आहे हे मी लपवत नाही. माझा डबा पिवळा पडला आहे, पंखा घरघरतो, कळफलकावरची एक कळ गळून गेली आहे. पण मला भंगार म्हणाल, तर ऐकून घेणार नाही! सौंदडजवळच्या एका लहानशा शाळेतला मी संगणक.

मी इथे आलो तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला, मला कुंकू लागलं. मुलं रांग लावून माझ्यावर चित्रं काढायची. खिडकीबाहेरच्या धानाच्या बांध्या हिरव्या होत, पिवळ्या होत. माझ्यापुढची रांग काही हटत नसे. मग घरोघरी मोबाईल आले आणि माझ्या डोक्यावर खडूच्या पेट्या रचल्या गेल्या.

त्या पेट्या उतरवल्या प्राची मॅडमनी. त्या संगणक शिकून गावी परतल्या होत्या आणि त्यांच्या वर्गात चंचल होती. चंचलला जन्मापासून ऐकू येत नाही. मॅडमनी तिच्यासाठी खुणांच्या भाषेचे व्हिडिओ मिळवले, पण ते अगदी इवलेसे. पडदाभर मोठे केले की बोटांच्या जागी नुसते ठोकळे दिसत. चंचल डोळे बारीक करून बघायची आणि चुकीची खूण शिकायची. खुणा शिकायला रोज तिच्या शेजारी बसणारी तिची आई दुर्पताबाईही तीच चूक गिरवायची.

"मॅडम, ह्याले कायले ठेवून राहिल्या? उद्या भंगारवाला येऊन राहिला, देऊन टाका," मुख्याध्यापक रामलाल सर म्हणाले.

"दोष याचा नाही जी, सर. याले काम सांगणाराच चुकून राहिला."

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. मॅडम माझ्यासमोर खुर्ची टाकून बसून राहिल्या. तो मोडकी बाकं घेऊन गेला.

मॅडम खरं तेच बोलल्या होत्या. माझ्यातल्या चित्रं दाखवणाऱ्या चिपला हुकूम देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. ती चिप बनवणाऱ्या कंपनीने माझ्याकडे पाठ फिरवली, तेव्हा देशोदेशीच्या लोकांनी माझ्यासाठी ड्रायव्हर लिहिला आणि खुला ठेवला. कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. पण चित्र मोठं करताना तो मला जवळचा एकच ठिपका पुन्हा पुन्हा मांडायला लावे. आजूबाजूचे ठिपके जोखून मधला रंग ठरवायची ताकद माझ्यात पहिल्यापासून होती. ती कुणी मागितलीच नव्हती!

मॅडमनी ड्रायव्हर उघडला. आधी माझा पडदा जांभळा झाला. मग प्रत्येक बोटाला पांढरी किनार आली, दोन बोटांची चार दिसू लागली. रामलाल सर दारातून मान हलवून गेले. मॅडम हटल्या नाहीत. कुठल्या ठिपक्याला किती वजन द्यायचं, ते बदलत राहिल्या. आणि एका दुपारी पडद्यावर पाच बोटं उभी राहिली, नखांसकट!

ही सुधारणा त्यांनी ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांकडे पाठवली. तिकडून एकाने विचारलं, "इतकं जुनं यंत्र आता वापरतं कोण?"

मॅडमनी लिहिलं, "आमची चंचल वापरते. तपासा, चूक असेल तर दाखवा."

त्यांनी तपासलं. एक चूक खरंच निघाली, मॅडमनी ती दुरुस्त केली आणि सुधारणा सगळ्यांसाठी घेतली गेली.

मायलेकी आता पडद्यावर बघून खऱ्या खुणा शिकू लागल्या. पुढे एकदा चंचल वर्गात रडत होती. भूक लागली असेल म्हणून दुर्पताबाईने डबा पुढे केला. चंचलने तो ढकलला आणि बोटांनी स्पष्ट खूण केली. आई बघत राहिली. मग लेकीचं तोंड उघडून आत डोकावली.

"दात! दात दुखून राहिला इचा! पोरीनं मले सांगतलं जी, मॅडम!" ती हसत होती आणि डोळेही पुसत होती.

दारात उभे असलेले रामलाल सर आत आले. फडकं आणून त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली.

मित्रांनो, एखादं यंत्र फेकण्याआधी त्याला काम नीट सांगितलं होतं का, एवढं स्वतःला विचारा. त्याची धूळ पुसा, त्याला उघडा, दुरुस्त करा. आणि तरीही मी संपलो असं कुणाला वाटत असेल, तर त्याने इथे यावं आणि माझं बटण दाबून बघावं!